लव्हाळ्यांचं पाणी

रविवार, ९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझा गुडघा आता जिने चढतो म्हणे, तुझा लेक फोनवर सांगत होता. शिवणकाम मी हल्ली कमीच घेते. सुईत दोरा ओवायचा तर गिऱ्हाइकालाच विनवावं लागतं.

लव्हाळे छान आलेत. तुझ्या मोरीचं पाणी भिंतीखालून माझ्या अंगणात यायचं, त्यावरून मी तुझं डोकं किती खाल्लं ते तुला सांगायला नको. गुलाब कुजला, जाई कुजली. शेवटी ओढ्याकाठचे लव्हाळे आणून लावले, तेव्हा तू म्हणालीस, "लोक तण उपटून टाकतात आणि तू ओढ्यावरून आणून लावतेस. धन्य आहेस, ताई." आता येऊन बघ. छत्रीसारख्या डोक्यांचे उंच लव्हाळे भिंतीलगत आहेत, पुढे बुटके, त्यांना तांबूस तुरे लोंबतात. दांडा चिमटीत फिरवला की तीन कडा बोटांना लागतात, गवतासारखा गोल नसतो. परवा एका गिऱ्हाइकाला हौसेने दाखवलं. ती म्हणाली, "हो का? बरं, बाही जरा सैल ठेवा."

काल तुझ्या लेकाने पाठवलेला प्लंबर आला होता. घर बंद असून पाण्याचं बिल येतं, म्हणजे पाइप फुटलाय, असं तुझ्या लेकाचं म्हणणं. मीच दार उघडून दिलं. प्लंबरने मोरीची फरशी ठोकून पाहिली, गच्चीवर चढून टाकीत डोकावला. मी आपली "जुनं घर, काय सांगणार" म्हणत मागे मागे. चोराच्या मनात चांदणं. बिचाऱ्याला काही सापडलं नाही. आता तुझा लेक म्हणतो, पाण्याची लाइनच तोडून टाकू.

पाइप फुटलेला नाही गं. तू लेकाकडे गेलीस, ओल सुकली आणि लव्हाळ्यांची टोकं पिवळी पडायला लागली. माझ्याकडे रबरी नळी आहे आणि ती भिंतीपर्यंत पोचते, हे तू विचारायच्या आधीच सांगते. तरी रोज सकाळी मी तू ठेवलेल्या किल्लीने तुझं दार उघडते, मोरीचा नळ सोडते आणि लगबगीने माझ्या अंगणात येऊन बसते. भिंतीखालून पाणी येतं. साबणाचा फेस नसतो, पण येतं. तेवढा वेळ तू पलीकडे धुणं धुतेयस असं वाटतं. मी बोलतेसुद्धा. परवा "किती पाणी सांडतेस गं" म्हणून ओरडले आणि मग बराच वेळ रडत बसले.

बिल मी भरेन, लेकाला सांग. लाइन तोडायची की नाही, ते मात्र त्याने ठरवायचं नाही. गुडघा बरा झाला की येते म्हणाली होतीस. गुडघा बरा झालाय. येणार नसशील तर तसं स्वतःच्या हाताने लिही. मी लव्हाळे परत ओढ्यावर नेऊन लावीन. पण लेकाकडून निरोप नको.

मला एकटीला करमत नाही, धाकटे. हे मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही.

तुझ्या दाराला किल्ली लावण्याआधी मी रोज कडी वाजवते.

शेजारीच राहणारी,
तुझी ताई