मागच्या भिंतीवरचे दोन स्पीकर

तीर्थरूप धाकट्या काकांना,

साष्टांग नमस्कार. (खरं तर साष्टांग सध्या जमणार नाही, कंबर धरली आहे, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं वाकतील तेवढ्यांचा समजावा. खोटं लिहिण्यापेक्षा हे बरं.) तुमचा गुडघा कसा आहे? काकूंचा खोकला गेला असं आई म्हणते, पण तिला ते कुणी सांगितलं हे तिला आठवत नाही, म्हणून पुन्हा विचारते. इकडे सगळे बरे आहेत.

पत्राला कारण एवढंच की चौदा वर्षांपूर्वी तुम्ही आणि बाबांनी बैठकीच्या खोलीत बसवलेले मागचे दोन स्पीकर आम्ही काढले. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं असं वाटलं. एक मुका झाला होता, दुसरा नुसता खरखरत होता, म्हणून मी नवे वायरलेस आणले.

जुने बसवले तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. मी नऊ वर्षांची होते. वायरीचं टोक दातांनी सोलायचं नाही, तांब्याच्या तारा एकाच दिशेने पिळायच्या, लाल लालला आणि काळी काळीला, हे सगळं मला शाळेने नाही, तुम्ही शिकवलंत. तुम्ही पुढे टीव्हीखालच्या आवाजाच्या मशीनपाशी मांडी घालून, बाबा मागे स्टुलावर, आणि आई दर दहा मिनिटांनी येऊन नवीन गालिच्याला भोक पाडणार नाही ना, एवढं विचारून जात होती. (पाडलंत. त्यावर अजून फुलदाणी आहे.) संध्याकाळी पहिल्यांदा सिनेमा लावला तेव्हा हेलिकॉप्टर आमच्या मागून आलं आणि आईने उठून पंखा बंद केला. आपण सगळे इतके हसलो की सिनेमा मागे नेऊन पुन्हा लावावा लागला. या घरात तेवढं एकत्र हसणं त्यानंतर झालं असेल, पण मला आठवत नाही.

कारण पुढच्याच प्रसंगात मोटार पडद्यावरून डावीकडे गेली आणि तिचा आवाज मागे उजवीकडे गेला. बाबा म्हणाले, तू उलटं जोडलंस. तुम्ही म्हणालात, मी चिठ्ठी वाचून जोडलंय, तूच स्पीकर उलटे टांगलेस. मग बोलणं स्पीकरवरून लहानपणीच्या सायकलवर कसं गेलं ते मला कळलं नाही, पण गेलं. ज्याने जोडलं त्यानेच येऊन बदलावं, हे बाबांचं. ज्याला चूक दिसते त्यानेच बदलावी, हे तुमचं. तेव्हापासून तुम्ही येता, पण स्वयंपाकघरात चहा घेऊन मागच्या दाराने जाता, आणि आम्ही चौदा वर्षं उलटं ऐकतो. इतकी सवय झाली आहे की पडद्यावर कुणी डावीकडे निघून गेलं की आम्ही तिघंही उजवीकडे बघतो.

तर नवे स्पीकर. वायरलेस म्हणजे वायर नसलेले असा माझा समज होता. माहितीपुस्तक मी दोनदा वाचलं होतं, तरीही. प्रत्येकाला विजेची वायर असते, आणि आपल्या मागच्या भिंतीला प्लग नाही. म्हणजे पूर्वी वायरी दोन होत्या, आता दोन एक्स्टेंशन धरून चार आहेत. (कंबर तिथेच धरली, कपाटामागे.) मग आवाजाची चाचणी. बाबांच्या खुर्चीवर, त्यांच्या कानाच्या उंचीला एक छोटा माइक ठेवायचा आणि खोलीत पूर्ण शांतता ठेवायची. आपल्या घरात ही अट घालणाऱ्याने आईला पाहिलेलं नाही. तीनदा चाचणी फसली. चौथ्या वेळी घड्याळाचा सेल काढला, फ्रिज बंद केला, आई ओठांवर पदर धरून बसली, आणि शेवटच्या क्षणी बाबांनी इतका वेळ रोखलेला श्वास सोडला. मशीनने तो वादळ म्हणून नोंदवला असावा. पाचव्यांदा जमलं.

आता जे मुख्य लिहायचं आहे आणि ज्यासाठी मी तीन कागद फाडले, ते असं. गालिच्याखालून जुन्या वायरी ओढल्या, तर मशीनकडच्या टोकांना चिठ्ठ्या तशाच होत्या. अक्षर माझं. तुम्हाला आठवत असेल, बाबा मागून एकेक वायर ओढून दाखवत होते आणि चिठ्ठ्या चिकटवायचं काम माझ्याकडे होतं. मी बाबांकडे तोंड करून उभी होते, टीव्हीकडे पाठ. माझ्या डाव्या हाताला जो स्पीकर होता, त्याच्या वायरीला मी ‘डावा’ लिहिलं. बसून बघणाऱ्याचा तो उजवा. म्हणजे तुम्ही चिठ्ठीप्रमाणे बरोबर जोडलंत, बाबांनी बरोबर टांगले, आणि चौदा वर्षांचा अबोला माझा.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी बाबांपुढे चिठ्ठ्या ठेवल्या आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही चिठ्ठ्या उलटसुलट करून पाहिल्या, आणि म्हणाले, “अक्षर तेव्हा बरं होतं तुझं.” नंतर, मला नव्हे, आईला विचारलं, “त्याचा गुडघा आता कसा आहे म्हणे?”

काका, मला रागवायचं असेल तर रागवा. मी नऊ वर्षांची होते हे कारण म्हणून सांगत नाही, फक्त नोंद म्हणून.

तुमची,
चिठ्ठीवाली पुतणी

ता. क. हे पत्र तुम्हाला बोलावण्यासाठी मुळीच नाही. तुम्हाला कामं असतात. रविवारी आम्ही दिवसभर घरीच आहोत, एवढं सहज लिहिते.

ता. क. दुसरा. बाबांनी पत्र वाचलं. त्यांनी सांगितलंय म्हणून लिहिते: नवा उजवा स्पीकर अजिबात वाजत नाही, आमच्यापैकी कुणालाही त्यातलं कळत नाही, आणि हे तुझ्या काकाशिवाय कुणाचं काम नाही.

ता. क. तिसरा (हा बाबांनी वाचलेला नाही). उजवा स्पीकर उत्तम आहे, मी स्वतः तपासला. बाबांनी त्याची विजेची वायर काढून खिशात ठेवलीय, आणि मागितली तर देत नाहीत.