रजिस्टरात दोनच

३ फेब्रुवारी, सोमवार

कॅमेरा चालू ठेवायचा म्हणे! पडद्यावर सत्तावीस चौकोन, त्यात सगळ्यांत म्हातारा चेहरा माझा. शेचाळिसाव्या वर्षी घरबसल्या एम.एस्सी. — नर्सिंग प्रशासन आणि नेतृत्व. मॅडमनी ओळख करून द्यायला सांगितली. मी बोलतेय, बोलतेय, कुणाला ऐकूच जाईना. लेक मागून येऊन म्हणाली, "आई, तू म्यूटवर आहेस." सगळे हसले. मीही हसले, पण तळहात घामाने चिंब. वॉर्डात माझ्या एका हाकेने सगळ्या सरळ उभ्या राहतात — आणि इथे ही गत!

६ फेब्रुवारी

मेट्रनबाई दोन वर्षांनी जूनमध्ये निवृत्त होतात. ही पदवी हातात नसेल तर त्या खुर्चीवर बाहेरचं कुणीतरी येऊन बसणार. माझ्या अर्जावर शिफारस त्यांचीच. "माझं नाक कापू नकोस," एवढंच म्हणाल्या.

१७ फेब्रुवारी

प्रकल्प मिळाला. सहा महिन्यांत आपल्या वॉर्डात किती रुग्ण पडले, तेव्हा ड्यूटीवर किती नर्स होत्या, ते जुळवून बघायचं. रजिस्टर काढलं. दोन. मॅडम म्हणाल्या, "चाळीस खाटा आणि दोनच? एक तर तुमचा वॉर्ड स्वर्ग आहे, नाहीतर कुणी लिहीत नाही. डबा ठेवा. जो रुग्ण पडला पण लिहिला नाही, त्याची बिननावाची चिठ्ठी टाकू दे सगळ्यांना."



१८ फेब्रुवारी

नको तो डबा. दुसरा विषय मागून घेते.

१९ फेब्रुवारी

मॅडम नाही म्हणाल्या.

२६ फेब्रुवारी

चहापत्तीचा रिकामा डबा धुतला, झाकणाला चीर पाडली, कपडे बदलायच्या खोलीत ठेवला. कुणी काही टाकणार नाही असं वाटतंय. वाटतंय, की तसं व्हावं अशी इच्छा आहे?

५ मार्च

एकोणीस चिठ्ठ्या! म्हणजे एकोणीस वेळा कुणीतरी पडलेलं.

चादरींच्या खोलीत कडी लावून वाचल्या. "पेशंट बाथरूमच्या दाराशी घसरले, लागलं नाही म्हणून लिहिलं नाही." "दोघीच होतो, तिसरीला दुसऱ्या वॉर्डात पाठवलेलं." "खाटेचा कठडा मोडलाय, तीनदा सांगून झालं." आणि सात चिठ्ठ्यांत एकच गोष्ट — "सिस्टरना सांगायची छाती झाली नाही."

सिस्टर म्हणजे मी! मला वाटायचं सगळ्या मेट्रनबाईंना घाबरतात. मी आले की पोरी बोलायच्या थांबतात, ती मी शिस्त समजत होते.

शेवटची वाचून झाल्यावर सगळ्या पुन्हा एकदा वाचल्या.

११ मार्च

प्रकल्पाच्या अहवालावर सहीसाठी मेट्रनबाईंच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढून ठेवला.

"दोन लिही. आत्ता सही करते."

"बाई, एकोणीस आहेत."

"या चिठ्ठ्यांना काही शेंडाबुडखा आहे का? आणि तुझ्याच वॉर्डात पडलेत ना हे? हॉस्पिटलचे संचालक पहिला जाब तुलाच विचारतील. मग खुर्ची विसर."

आवाज जरासुद्धा चढवला नाही. उलट माझ्यासाठी चहा मागवला. त्यानेच जास्त धसका घेतला मी. सही न घेता परत.

१३ मार्च

हे म्हणाले, "दोन लिही आणि मोकळी हो." लेक म्हणाली, "मग शिकतेस कशाला?" दोघांवरही खेकसले. त्या नादात दूध उतू गेलं.

२० मार्च

उद्या दहाला सादरीकरण. संचालक आणि मेट्रनबाई दोघंही ऑनलाइन बघणार. बसल्या जागी नाडी मोजली — एकशे बारा!

२१ मार्च, शुक्रवार

दोन फाइली तयार होत्या. एक दोनवाली, एक एकोणीसवाली. शेवटच्या क्षणापर्यंत बोट दोन्हींवरून फिरत होतं. एकोणीसवाली उघडली. म्हटलं, "माझ्या वॉर्डात एकोणीस जण पडले. त्यातल्या सात वेळा मला कुणी सांगितलं नाही, कारण मुली मला घाबरतात." मेट्रनबाईंचा चौकोन काळा झाला.

संचालकांनी एकच विचारलं, "तुमच्या स्वतःच्या देखत कुणी पडलं होतं?"

मी म्हटलं, "नाही, सर."

मॅडम म्हणाल्या, "शाब्बास! नेतृत्व म्हणतात ते हेच." लॅपटॉप मिटला आणि मोरीत जाऊन ओकले.

२४ मार्च, सोमवार

कठडे एका दिवसात दुरुस्त! तिसरी नर्सही मंजूर. वॉर्डातली ती चष्मेवाली पोर, जी माझ्यासमोर मान वर करत नाही, तीच स्वतःहून म्हणाली, "सिस्टर, मानलं तुम्हाला."

जिन्यात मेट्रनबाई भेटल्या. पुढे गेल्या, थांबल्या. "मला तीस वर्षांत जमलं नाही ते," म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

२५ मार्च

विसावी चिठ्ठी मी लिहिली. खाली सही करून संचालकांच्या हातात दिली. १४ नोव्हेंबर, दुपार. खिडकीजवळच्या खाटेवरचे मास्तर माझ्यासमोर पडले, डोकं आपटलं. मी एकटीने उचलून निजवलं, डॉक्टरांना कळवलं नाही, आणि कागदावर लिहिलं — "शांत झोप लागली." तिसऱ्या दिवशी ते वारले. त्यांच्या मुलीने माझे हात हातात घेऊन आभार मानले होते. मी या वहीतसुद्धा हे लिहिलं नव्हतं.

संचालक तिला फोन लावत होते. मी म्हटलं, "थांबा सर, मीच जाते."

उद्या सकाळी तिच्या घरी.