ठकूबाईच्या वडिलांचं गाणं

वारूळवाडी, १२ नोव्हेंबर १९९८

पुण्यात विद्यापीठाच्या ग्रंथालयात आज तो प्रबंध मिळाला एकदाचा. घरी नेता येत नाही, झेरॉक्सही नाही. तिथंच बसून वाचला. मेंढरं राखताना ठकूबाईचे वडील म्हणायचे ते देवाचं गाणं त्यात आहे, पण फक्त इंग्रजीत. तेवढं वहीत उतरवून घेतलं. मराठी शब्द एकही नाही. लिहिणाऱ्या बाई परदेशी. पत्ता कुणाकडे नाही.

परत आलो तर ठकूबाई गावच्या स्टँडवरच थांबली होती.

"सापडलं का, भाऊ?"

"सापडलं. पण इंग्रजीत."

"मंग काय झालं? तुमी पेपरात लिवता ना राव? करा की परत आपल्यात."

तिचा म्हातारा बाप वारला. घरात ते गाणं कुणालाच येत नाही. का शिकला नाहीत, विचारलं.

"बाईंनी लिवून नेलं व्हतं की! पुण्यात ठेवलंय म्हनल्यावर कशाला हरवतंय?"

हरवलेलं नाहीच ते. फक्त इंग्रजीत आहे.

रविवारी त्यांच्या देवाचा जागर, तिथं तिला ते गाणं हवंय. जेवणाआधी बसून चार ओळी केल्या. यमकही जुळलं. आमच्या रविवार पुरवणीत शोभतील अशा ओळी. म्हाताऱ्याच्या तोंडी त्यातला एकही शब्द बसत नाही.

ठकूबाईला त्या आवडतील, याचीच भीती वाटते.