चार झाडांची खुशाली

बान नोंगसिम,
सोंगक्रान संपून आठवा दिवस

दाओरुआंगताईस,

धाकट्या प्राछुआपचा तीन वेळा जमिनीला कपाळ टेकून नमस्कार. (खरं म्हणजे एकदाच टेकलं. फरशी इतकी तापली आहे की उरलेले दोन कागदावरच मानून घे.) तुझी तब्येत कशी आहे? खोनकेन शहरातल्या तुझ्या नव्या सूपच्या दुकानाचा रंग वाळला का? इकडे आई ठणठणीत आहे, तिचे गुडघेही तिच्याशी सध्या बरे वागतात. ऊन बेचाळीसच्या वर गेलं आहे. कोंबड्या दिवसभर गाडीखाली पडून असतात आणि आपण अंगणात गेलो तर आपल्याकडेच वेड्यासारख्या बघतात. माझी पाठ मात्र गेली. का गेली, ते पुढे येईलच.

तू जाताना गांजाची चार झाडं माझ्या ताब्यात दिलीस तेव्हा काय म्हणालीस, ते मी विसरलेलो नाही. सकाळी एकदाच पाणी, तेही बुंध्याशी, आणि आधी मातीत बोट घालून बघायचं, ओल लागली तर हात जोडून परत फिरायचं. शिवाय म्हणालीस, "प्राछुआप, तुझ्या हातून निवडुंगसुद्धा मेलाय. ही चार जगवलीस तर तुला दुकानात घेते, नाहीतर बस तिथेच कोंबड्या मोजत." सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणालीस. मी हसलो, पण ताई, ते मला लागलं. तुझ्या पाटीवर गांजाचं पान रंगवलेलं, कोंबडीच्या सूपमध्ये घालायला पानं मी पुरवणार, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी मला पहिल्यांदा धड काही काम मिळणार. मी कंबर कसली.

पहिल्याच दुपारी चारही झाडांनी माना टाकल्या. पानं अशी लोंबली, जशी मामांची मान विहारातल्या प्रवचनात लोंबते. माझ्याच्याने बघवेना. मी घागरभर पाणी घातलं. संध्याकाळी बघतो तर चौघंही ताठ! (आता मला कळलं आहे की उन्हात ती तशीही माना टाकतात आणि ऊन उतरलं की आपली आपण उठतात. पण तेव्हा मला वाटलं, हे माझं कर्तृत्व.) मग रोज दुपारी ती माना टाकायची आणि रोज मी धावायचो. बारा वाजता, एक वाजता, दीड वाजता. बोट घालून बघायची गरजच नव्हती, कारण मातीत बोट घातलं की मनगटापर्यंत जायचं. नळाला पाणी पहाटे तासभर, तळ्यात नुसता चिखल, तेव्हा मी अंगणातल्या रांजणांना हात घातला. तिसरा रांजण आईच्या पिण्याच्या पावसाच्या पाण्याचा होता, हे तो संपल्यावर समजलं. आई म्हणाली, "झाडांना पाज, आईला काय, आई पुढच्या पावसापर्यंत थुंकी गिळेल." मग मी शेजारच्या वाडीतून कावडीने पाणी आणू लागलो. पाठ तिथे गेली.

तेवढ्यात नव्या वर्षाचा सोंगक्रान आला आणि माझ्या डोक्यात कल्पना आली. (इथे तू डोळे मिटून सुस्कारा सोडला असशील. सोड.) सगळं गाव गाड्यांत पिंपं भरून रस्त्यावर फिरतं आणि दिसेल त्याला भिजवतं, मग आपली झाडं कोरडी का राहावीत? चारही कुंड्या ओढत नेऊन फाटकाबाहेर मांडल्या. फुकटचं पाणी, वर माझी पाठ मोकळी. फक्त पाण्यात बर्फ असतो आणि पांढरी माती कालवलेली असते, हे मी धरलं नव्हतं. दुपारपर्यंत झाडं देवळातल्या पुतळ्यांसारखी पांढरीफटक झाली आणि एका गाडीवाल्याने तर त्यांच्या गालांना, म्हणजे पानांना, हाताने माती फासली.

त्याच वेळी समोरच्या लमूनआजी सुगंधी पाण्याचा वाडगा घेऊन आल्या, सणाच्या रिवाजाप्रमाणे आईकडून हातांवर पाणी घालून घ्यायला आणि तिला आशीर्वाद द्यायला. आजी चौऱ्याऐंशीच्या, त्यातून डोळ्यांत मोतीबिंदू. फाटकाशी त्यांना चार पांढरी झाडं माना खाली घालून उभी दिसली. त्या थबकल्या. म्हणाल्या, "अगं बाई! ही तर मला नमस्कार करतायत." मी सांगितलं, आजी, ऊन आहे. त्या म्हणाल्या, "ऊन मलाही आहे. मला कुठे कुणी शिकवलं इतकं वाकायला?" मग त्यांनी खोडावरची माती बोटाने चोळली आणि त्यांना तिथे लॉटरीचा आकडा दिसला.

पुढचं तुला सांगायला नको, तू ह्याच गावची आहेस. तासाभरात खोडांना रंगीत फडकी बांधली गेली, कुंड्यांत उदबत्त्या खोचल्या, लाल सोड्याच्या बाटल्या स्ट्रॉसकट मांडल्या. सोडा झाडांना पिता येईना म्हणून कुणी तरी तो मुळाशी ओतला. आणि मग माणशी एक वाडगा सुगंधी पाणी, चारही झाडांना, आशीर्वादासाठी, तीन दिवस. मी आडवा आलो. "पुरे आता, बोट घालून बघा हवं तर!" म्हणालो. आजी म्हणाल्या, "तू बाजूला हो, तुझी सावली पडतेय." आई खुर्ची टाकून फाटकात बसली होती आणि आल्यागेल्याला झाडांचं बालपण सांगत होती.

सोळा तारखेच्या सोडतीत आकडा लागला नाही. पण एकानेच हुकला, त्यामुळे श्रद्धा वाढली. आजींचं मत असं की झाडं लहान आहेत, शिकतायत. आणि आश्चर्य म्हणजे त्याच दिवसापासून ती भर दुपारीसुद्धा ताठ उभी असतात, मान म्हणून टाकत नाहीत. आजी म्हणाल्या, "आता त्यांचा मान वाढला. ह्यापुढे आपण वाकायचं."

तर ताई, झाडं सुखरूप आहेत आणि तू मागितलेली पानं ह्या पत्रासोबत बर्फाच्या पेटीत पाठवत आहे. उद्घाटनाला माझी आठवण ठेव. कामावर कधी हजर होऊ ते कळव.

तुझा भाऊ,
प्राछुआप

ता. क. : वर "झाडं सुखरूप आहेत" असं लिहिलं आहे. झाडं सुखरूप आहेतच. फक्त ती ती नाहीत. तुझी चारही पंधरा तारखेला संध्याकाळी गेली. मुळं कुजली होती, वास सुटला होता, पानं गळत होती आणि लोक ती पाकिटात घालून घरी नेत होते. दुसऱ्या दिवशी तीन गावची माणसं यायची होती आणि आई नवी साडी, म्हणजे नवं सिन, काढून बसली होती. मी पहाटे मामांच्या शेताच्या कडेची चार साबुदाण्याची झाडं, कसावा, उपटली, कुंड्यांत लावली आणि फडकी बांधली. पान तसंच, बोटाबोटांचं. कुणाला कळलं नाही. ह्या झाडांना पाणीही फारसं लागत नाही, त्यामुळे आमचं चांगलं जमलं आहे.

आणखी एक : म्हणून पेटीतली पानं सूपमध्ये घालू नकोस. कच्ची विषारी असतात. मी पाठवणार नव्हतो, पण आईनेच खुडली, आईनेच पेटी भरली आणि बसवाल्याला दोनदा बजावलं. तू माझी पत्रं पहिल्या पानावर सोडून देतेस, म्हणून झाकणावर "आधी शेवट वाच" असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे.

शेवटचं : नोकरी राहू दे. आईला मात्र सांगू नकोस. काल ती लमूनआजींना म्हणत होती, "माझ्या प्राछुआपचा हात लागला की झाड जगतं." मी स्वयंपाकघरात होतो, बाहेरच आलो नाही. इतक्या वर्षांत ती असं पहिल्यांदाच बोलली. तेव्हा जमलं तर चार खरी रोपं गुपचूप पाठव, आणि पाणी कधी घालायचं ते पुन्हा एकदा सांग. ह्या वेळी मी ऐकेन.