तीसच्या आत

दि. ४ मार्च

चि. बाळ्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

रक्त जुळलं! माझी किडनी तुला चालेल. मी आनंदाने उठायला लागले, तर डॉक्टरीणबाईंनी परत बसवलं. माझं वजन आडवं आलंय. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागतात. साडेअठरा ते पंचवीसच्या आत योग्य, त्यापुढे जास्त, तीसपासून लठ्ठ. माझा आकडा साडेबत्तीस, आणि इथे दाता तीसच्या आतलाच घेतात. बाकी साखर, रक्तदाब ठणठणीत.

दोन महिन्यांनी बोलावलंय. तोवर तू तग धर, मी उतरवतेच. हे म्हणतात, आता घरात गोड मागायची सोय उरली नाही.

तुझी ताई

दि. ११ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

भावोजींचा फोन आला. लॉन्ड्रीत इस्त्री करता करता तू कोसळलीस, चार दिवस नुसत्या पाण्यावर होतीस म्हणे. वेड लागलंय का तुला?

डायलिसिसच्या मशीनला जोडून पडलेला असतो तेव्हा मीही तुझ्याच आकड्याचा हिशोब करतो, आणि स्वतःची लाज वाटते. मला जगायचंय ताई, खोटं कशाला बोलू? पण तुला मोडून नाही. नीट जेवली नाहीस तर मीच नकार देईन. संमतीवर सही माझीही लागते.

रागावलोय, तरी तुझाच,
बाळ्या

दि. ५ मे

चि. बाळ्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी चिडले, मग पोटभर जेवले. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं तसं खाल्लं, रोज चालले. काल हॉस्पिटलात काट्यावर साडेत्र्याहत्तर भरले. फाइलमधल्या उंचीने भागलं तर एकतीस!

तिथली नवी नर्स माझ्याकडे बघतच राहिली. खांदे असे का पाडता म्हणाली, आणि उंची पुन्हा घ्यायला टाचा, पाठ भिंतीला टेकवून उभं केलं. बाळ्या, जाडी दिसू नये म्हणून मी शाळेपासून अंग चोरून उभी राहते. मागच्या वेळी उंची दिली तीही तशीच, पोक काढून. ताठ झाले तर तीन सेंटिमीटर जास्त. आकडा एकोणतीस पूर्णांक आठ.

डॉक्टरीणबाईंचा विश्वास बसेना. त्यांनी स्वतः मोजलं. शिवाय नुसत्या आकड्यावर भागत नाही म्हणून कमर, साखर, रक्तदाब पुन्हा बघितले. मी देवाला नुसती हाका मारत होते. शेवटी त्यांनी होकार दिला.

बुधवारी दोघांनी दाखल व्हायचंय. मला भीती वाटते, तुलाही वाटत असेल. पण माझ्याआधी पोचू नकोस. मला दारात ताठ उभं राहून तुझी वाट बघायचीय.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी ताई