दादांचा खोकला

हिंदुरावभावजी,

भाकरी-पिठलं चुलीशेजारी झाकून ठेवलंय. तुम्ही पाळी सुटून याल तेव्हा आम्ही दोघं कुरुळीला, माझ्या माहेरी, आमच्या कमळीला आणायला गेलेलो असू.

तुमच्या दादांनी पोरीला तिकडं का धाडलं आणि आपलं ताट वेगळं का मांडलं, हे मला चार दिवसांखाली कळलं. बिडी सोडल्यापासून त्यांचा खोकला वाढला, तोंड आलं, चक्कर यायला लागली. आपल्याला क्षयच झाला, असं त्यांनी मनाशी धरलं आणि कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला मात्र वाटलं, भाऊ वेगळा निघतोय.

परवा पुण्याला नेऊन छातीचा फोटो काढला. आज तो बघून डॉक्टर म्हणाले, "छाती स्वच्छ आहे. बिडी सुटली की काहींना असं होतं. थोड्या दिवसांत थांबेल." यांनी तीनदा विचारलं, "नक्की ना?" मग दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले आणि मला म्हणाले, "भूक लागलीय."

पंधरा दिवस तुम्ही त्यांच्याशी बोलला नाहीत. आता ते आपण होऊन बोलायचे नाहीत, लाजतात. आम्ही सातच्या मोटारीनं फाट्यावर उतरू. तिथवर या, आणि आधी तुम्हीच "दादा" म्हणून हाक मारा.

मंजुळावहिनी