साईशच्या गाडीची चाकं

अहो,
लेकानं हौसेनं बसवलेली चकचकीत चाकं म्हणजे देवघरातली समई नव्हे! चिंच लावून नारळाच्या सोडणानं कसली घासता? क्रोमवर ओरखडेच ओरखडे. साईश आज संध्याकाळी बोटीवरच्या नोकरीवरून सुट्टीला येतोय, हे तरी आठवायचं!

आता साबणाच्या पाण्यानं आंबट धुऊन काढा. गंजाच्या ठिपक्यांवर पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद ओला करून हलकेच फिरवा, माझ्या जुन्या सुती लुगड्यानं पुसा, मग पॉलिश लावा. ओरखडे मात्र जायचे नाहीत.

मी मये गावी कीर्तनाला बसनं जाते. त्या गाडीत तुमच्या शेजारी बसायची नाही. खतखतं झाकून ठेवलंय, गरम करून जेवा.

देवाकडे तुमच्यासाठी क्षमा मी मागेन. साईशकडे तुम्हीच मागा.

पद्मावती